बाँशांची शेवटची आज्ञा

गेल्या चातुर्मासांतली गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली होती. आमचा पुतण्या, जो सध्यां इतिहास हा विषय घेऊन महाविद्यालयांत शिकत आहे, फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिलेला आपला निबंध मोठ्यानें वाचून दाखवीत होता. निबंध बरा होता. बॅस्टिलचा पाडाव, राजाचा शिरच्छेद, रोब्सपिअरचा उदय आणि अस्त, सर्व यथाक्रम आलें होतें. मध्येंच एक वाक्य आलें: 'पश्चिमेकडील व्हांदे प्रांतांत धर्मवेड्या शेतकऱ्यांनीं उभारलेलें बंड प्रजासत्ताकानें मोडून काढलें.' तें ऐकून आम्हांस हंसूं आलें; कारण वाक्य आमचेंच होतें. शाळेंत असतांना वर्षानुवर्षें आम्हीं तें वर्गांत उच्चारलें, मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें, आणि त्याच जुन्या वह्यांपैकीं एकींतून तें आतां चिरंजीवांच्या निबंधांत येऊन बसलें होतें.

सेवानिवृत्तीनंतर आम्हांस वाचनास सवड मिळाली, आणि आपण काय काय शिकवीत होतों हें पडताळून पाहण्याची एक खोड जडली. त्या खोडीपायीं या एका वाक्याच्या पोटांत काय दडलें होतें तें आम्हांस उशिरां कळलें. त्यांतील एका माणसाची हकीकत त्या रात्रीं आम्हीं घरांत सांगितली, ती येथें वाचकांपुढें ठेवितों.

व्हांदे म्हणजे फ्रान्सच्या पश्चिमेचा, ल्वार नदीच्या दक्षिणेकडील मुलूख. शेताशेतांभोंवतीं उंच व दाट कुंपणें, आणि दोन कुंपणांमधून जाणारे रस्ते इतके खोल कीं, बाहेरून पाहणारास आंत माणसें चाललीं आहेत याचा पत्ता लागूं नये. येथील शेतकऱ्यांना आरंभीं क्रांतीचें वावडें नव्हतें. बिनसलें तें मागाहून. १७९० च्या कायद्यानें धर्मोपदेशकांना सरकारचे पगारी नोकर करण्यांत आलें, आणि नव्या व्यवस्थेशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ त्यांच्यावर लादली गेली. या मुलखांतील बहुतेकांनीं ती नाकारली. ज्याच्या हातून गांवांत नामकरणें, लग्नें व मूठमाती व्हावयाची, तो ओळखीचा म्हातारा उपाध्याय पळपुटा ठरला, आणि त्याच्या जागीं कोणी उपरा येऊन बसला. त्यावर १७९३ च्या जानेवारींत राजाचा वध झाला आणि फेब्रुवारींत तीन लक्ष नवे शिपाई उभे करण्याचा हुकूम सुटला. ज्या सरकारी अंमलदारांनीं उपाध्याय हांकलले, त्यांना स्वतःला मात्र या भरतींतून सूट! १२ मार्च रोजीं ल्वारच्या कांठच्या सँ फ्लोराँ या गांवीं तरुणांना चिठ्ठ्या टाकण्यासाठीं बोलाविलें, तेव्हां त्यांनीं अंमलदारांना पिटाळून लाविलें. बंडास आरंभ झाला तो असा.

पहिला पुढारी निघाला तो काथलिनो नांवाचा लोकरीचा फेरीवाला, कच्च्याबच्च्यांचा बाप. बातमी आली तेव्हां तो घरीं पावासाठीं कणीक मळीत होता, असें सांगतात. अशा माणसांपाशीं धैर्य होतें, पण युद्धशास्त्र नव्हतें. म्हणून शेतकरी कोयते, दांताळीं व शिकारीच्या बंदुका घेऊन आसपासच्या वाड्यांवर गेले, आणि सैन्यांत नोकरी केलेल्या सरदारांना म्हणाले कीं, आमचे पुढारी व्हा. कित्येकांना त्यांनीं जवळ जवळ धरूनच नेलें. राजनिष्ठ सरदारांनीं भोळ्या कुळांना भडकावलें असें आम्ही शिकवीत होतों. घडलें तें बरेंचसें याच्या उलट.

सँ फ्लोराँजवळच्या आपल्या वाड्यांत राहणारा शार्ल द बाँशां हा त्यांतलाच एक. जन्म १० मे १७६० चा, म्हणजे त्या वेळीं वय अवघें बत्तीस. आमच्या वाचकांस कुतूहल वाटेल अशी गोष्ट ही कीं, या गृहस्थानें आपला देश पाहिलेला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळांत फ्रेंचांनीं इंग्रजांशीं सर्वत्र झुंज मांडिली, आणि म्हैसूरकरांच्या साह्यार्थ एक सैन्य समुद्रमार्गें मद्रासेकडील किनाऱ्यावर धाडलें. १७८३ मध्यें कडलूर येथें इंग्रजांशीं त्यांची लढाई झाली. सालबाईचा तह नुकताच होऊन मराठे त्या युद्धांतून मोकळे झाले होते. बाँशांची अक्विटेन नांवाची पलटण या मोहिमेंत होती, आणि कवाइती युद्धाचे पहिले धडे त्यानें गिरविले ते हिंदुस्थानांत. पुढें तो कप्तान झाला. पण नव्या राजवटीशीं त्याचें पटेना, तेव्हां नोकरी सोडून तो घरीं येऊन राहिला. बायको, दोन लहान मुलें, थोडी जमीन आणि पुस्तकें, असा त्याचा संसार होता.

शेतकरी दारांत आले तेव्हां त्यास उत्साह वाटला नाहीं. त्याच्या पत्नीच्या आठवणी १८२३ मध्यें प्रसिद्ध झाल्या. निघतांना त्यानें तिला जें बजावलें तें तींत आलें आहे. भाऊबंदांच्या युद्धांत कीर्ति मिळत नसते, तेव्हां तिची आशा धरूं नकोस. घर जळेल, मालमत्ता जाईल, मन घट्ट कर, असा त्याचा आशय होता. तो अक्षरशः खरा ठरला.

या शेतकरी सैन्याचा प्रकार मोठा विलक्षण होता. गांवच्या घंटा वाजल्या कीं तें गोळा होई. छातीवर लाल कापडाचें हृदय शिवलेलें, गळ्यांत जपमाळ, पायांत लांकडी खडावा. चार दिवस तें प्राणपणानें लढे, आणि लढाई संपतांच घरची भाकर व धुतलेला सदरा यांच्या ओढीनें घरोघर पांगून जाई. जिंकलेलें शहर राखावयास कोणी राहत नसे! बाँशांस हें फार खुपे. आपल्या हाताखालच्या तुकड्यांना त्यानें कांहीं कवाईत शिकविली, आणि सर्व सेनानींत शास्त्रोक्त युद्ध जाणणारा असा त्याचाच लौकिक झाला. मात्र त्याच्या अंगावरची एक जखम भरून येण्यापूर्वीं दुसरी होई. २५ मे रोजीं फाँतने येथें विजय मिळाला, त्यांत तो जबर जखमी झाला. ९ जूनला सोम्यूर पडलें, आणि तेथेंच फेरीवाल्या काथलिनोला सरसेनापति निवडण्यांत आलें. मोठमोठ्या घराण्यांतल्या सरदारांनीं एका फेरीवाल्याचें आधिपत्य पत्करावें, ही गोष्ट राजपक्षाच्या सैन्यांत घडली हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जूनच्या अखेरीस नाँत शहरावरचा हल्ला फसला, काथलिनोला गोळी लागली व त्यांतच त्याचा अंत झाला. त्याच्या जागीं बाँशांची निवड होईल असें पुष्कळांस वाटत होतें. पण मतें देल्बे या सरदाराकडे गेलीं, आणि बाँशां त्याच्या हाताखालीं लढत राहिला.

बाँशांचें म्हणणें आरंभापासून एकच होतें: या कुंपणांच्या मुलखांत कोंडून घेऊं नका, ल्वार ओलांडून ब्रिटनी प्रांत उठवा, समुद्रकिनारा हातीं घ्या. तें कोणीं ऐकिलें नाहीं. दरम्यान जर्मनीच्या सरहद्दीवर माइन्झ येथें शरण आलेली एक कसलेली फ्रेंच फौज मोकळी झाली होती. एक वर्षभर परकी शत्रूंशीं लढणार नाहीं असा करार तिनें केला असल्यामुळें सरकारनें ती घरच्या बंडखोरांवर धाडली. तिच्यांतील क्लेबेर हा पुढें नामांकित झालेला सेनानी होता. १९ सप्टेंबर रोजीं तोर्फू येथें शेतकऱ्यांनीं त्यालाही मागें रेटलें. त्या दिवशीं बाँशां वेळेवर येऊन पोंचल्यामुळें पारडें फिरलें. पण हा दिव्याचा शेवटचा झोत होता. १७ ऑक्टोबरला शोले गांवाबाहेर रण माजलें, आणि संध्याकाळच्या अखेरच्या चढाईंत देल्बे व बाँशां दोघेही पडले. बाँशांच्या पोटांत गोळी शिरली होती. लोकांनीं त्याला उचलून सँ फ्लोराँस आणलें.

आतां खरी हकीकत येथून पुढें.

दुसऱ्या दिवशीं, १८ ऑक्टोबरला, नदीकांठीं जो देखावा होता त्याची कल्पना करणें कठीण आहे. हरलेलें सैन्य, आणि त्याबरोबर सगळा मुलूख: म्हातारीं माणसें, पोरें कडेवर घेतलेल्या बायका, गाडे, गुरें. साठ ते ऐंशी हजार जीव होते असा अंदाज आहे. मागें गांवें जळत होतीं त्यांचा धूर दिसत होता, पुढें ल्वारचें विस्तीर्ण पात्र, आणि मोजक्या होड्या. जी नदी विजयी सैन्यानें ओलांडावी असें बाँशां सहा महिने सांगत होता, ती आतां पराभूत लोक ओलांडीत होते. आणि गांवच्या जुन्या मठाच्या देवळांत व आसपास सरकारपक्षाचे सुमारें पांच हजार कैदी कोंडलेले होते.

या कैद्यांचें करावयाचें काय? बरोबर नेणें शक्य नव्हतें. सोडावें तर उद्यां हेच हातांत बंदूक घेऊन पाठीवर येणार. शिवाय मार्चमध्येंच कायदा झाला होता कीं, बंडखोर हत्यारासह सांपडला तर चोवीस तासांत त्यास देहान्त शिक्षा. ज्याचा भाऊ असा मेला, ज्याचें घर काल जळलें, त्या माणसाच्या मनाची स्थिति वाचकांनींच जाणावी. तोफा देवळाच्या दारांकडे वळल्या. ठार मारा, असा एकच गलका उठला. बाँशांला गोळी लागल्याचें कळल्यावर तर तो वाढलाच. कारण त्याच्यावर या लोकांचा जीव होता. म्हणजे त्याच्याच नांवानें हा सूड घेतला जाणार होता.

खालच्या आळींतल्या एका घरांत तो मरणाच्या दारीं पडला होता. बाहेर काय चाललें आहे तें त्याला कळलें, तेव्हां त्यानें भोंवतालच्या अधिकाऱ्यांना जवळ बोलावून आज्ञा केली कीं, कैद्यांना जीवदान द्या. ही माझी शेवटची आज्ञा आहे, ती पाळली जाईल असें मला वचन द्या. त्याचा आप्त ओतिशां बाहेर धांवला. 'जीवदान! बाँशांची इच्छा आहे, बाँशांची आज्ञा आहे!' असा पुकारा झाला, आणि त्या पिसाळलेल्या जमावानें तोफांची तोंडें फिरविलीं. दारें उघडलीं. त्याच दिवशीं बाँशांला होडींतून पलीकडे नेण्यांत आलें, आणि उत्तर तीरावरील एका लहानशा वस्तींत त्यानें प्राण सोडला. वय तेहतीस.

दुसऱ्या सरदारांनाही ती कत्तल नकोच होती, असें म्हणणारे इतिहासकार आहेत. असेल. पण नको असणें निराळें, आणि ज्यांचें सर्वस्व गेलें आहे अशा हजारों लोकांना नको म्हणून सांगणें निराळें. जो स्वतः त्यांच्यासाठीं मरत होता त्याचेंच त्यांनीं ऐकिलें.

आमच्या पुतण्यानें येथें आम्हांस अडविलें. तो म्हणाला, "काका, दया केली म्हणून पक्ष न्यायाचा ठरतो काय? आणि बंडखोरांनीं स्वतः काय कमी केलं?" प्रश्न योग्य होता. बंडाच्या आरंभींच माशकूल गांवीं बंडखोरांनीं प्रजासत्ताकाच्या बाजूच्या नागरिकांना दोरानें एकत्र बांधून मारलें, हें आम्हीं त्याच्यापासून लपविलें नाहीं. बाँशां ज्या राजसत्तेसाठीं लढला ती परत यावी असें आम्हांस वाटत नाहीं. माणसें जन्मतः समान आहेत हें तत्त्व आम्हीं जन्मभर शिकविलें, आणि त्याचा पश्चात्ताप नाहीं. पण आमच्या पुतण्यास आम्हीं मेर्लँ याची गोष्ट सांगितली. हा प्रजासत्ताकाचा त्या सैन्याबरोबरचा प्रतिनिधि. सुटलेले कैदी आनंदानें आपल्या जीवदात्याचे गुण गात आहेत हें पाहून तो चिडला, आणि त्यानें पॅरिसला लिहिलें कीं, स्वतंत्र नागरिकांनीं गुलामांकडून प्राणांचें दान घ्यावें हें क्रांतीस शोभत नाहीं. ही गोष्ट विस्मृतींत गाडावी, लोकसभेंतही तिचा उच्चार करूं नये. या लुटारूंना वर्तमानपत्रें काढावयास सवड नाहीं, तेव्हां ती आपोआप विसरली जाईल. हें पत्र मात्र राहिलें! आणि आम्ही तीस वर्षें वर्गांत जें वाक्य सांगत होतों, तें मेर्लँच्या इच्छेप्रमाणेंच होतें, त्याचें पत्र न वाचतां.

त्या वर्षाच्या अखेरीस साव्हने येथें शेतकरी सैन्याचा पुरता नाश झाला. नाँत शहरांत कारिये नांवाच्या अधिकाऱ्यानें कैद्यांना तळाशीं भोंकें पाडलेल्या नावांत भरून त्याच ल्वार नदींत बुडविलें. पुढल्या वर्षीं सैन्याच्या तुकड्या गांवेंच्या गांवें जाळीत व्हांदेभर हिंडल्या. हा तपशील आम्ही वाढवीत नाहीं.

आमच्या वडील वहिनी वाती वळीत सर्व ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "द्रौपदीचीच गोष्ट ही." आम्ही जरा चकित झालों. पण वहिनींचें बरोबर होतें. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत शस्त्र टाकलेल्यास व शरणागतास मारूं नये असें सांगितलें आहे, तें आम्ही मनांत जुळवीत होतों. पण नियम सांगणें सोपें. भागवताच्या पहिल्या स्कंधांत अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीपुढें आणून टाकतात. त्यानें तिचीं पांचही मुलें झोंपेंत मारलेलीं आहेत, तीं अजून डोळ्यांपुढें आहेत. आणि ती म्हणते, सोडा त्याला. मी रडतें आहें तशी त्याची आई रडूं नये. महाभारताच्या सौप्तिकपर्वांत तिचें रूप याहून कठोर आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. तिथें ती सूड मागते. दोन्ही द्रौपदी खऱ्या वाटतात, आणि सँ फ्लोराँच्या त्या दिवशीं नदीकांठीं दोघीही उभ्या असाव्यात.

हें बोलणें चाललें असतां आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट आठवत होती, आणि ती आम्हीं त्या रात्रीं घरांत सांगितली नाहीं. ऐन उमेदीच्या वर्षांत एके दिवशीं वर्गांतील यूरोपचा नकाशा मधोमध फाटलेला आम्हांस आढळला. कोणीं फाडला तें कोणी सांगेना. आम्हीं चाळीसही मुलांना उभें करून प्रत्येकाच्या तळहातावर दोन दोन छड्या मारल्या. एक मुलगा आदल्या आठवड्यांत तापानें घरीं होता आणि त्याच दिवशीं शाळेंत आला होता. त्यानेंही मुकाट्यानें हात पुढें केला. हजेरीपट आमच्या टेबलावर उघडा होता. तो पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं, कीं पाहावयाचाच नव्हता, हें आज सांगतां येत नाहीं. नकाशा भिंतीच्या खिळ्यांत अडकून फाटला होता हें दोन दिवसांनीं शिपायाकडून कळलें. आम्ही वर्गांत त्याविषयीं चकार शब्द काढला नाहीं. कोणाचाच प्राण गेला नाहीं हें खरें. परंतु आपला राग रास्त आहे अशी खात्री असली म्हणजे समोरचा हात कोणाचा आहे हें दिसत नाहीं, याचा अनुभव आम्हांस आहे. म्हणून पोटांत गोळी घेऊन पडलेल्या त्या माणसास तो दिसला कसा, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

"भावोजी, पण त्याच्या बायकोचं पुढं काय झालं?" वहिनींनीं विचारलें. इतिहासकार हा प्रश्न शेवटीं विचारतात किंवा विचारीतच नाहींत.

ती सैन्याबरोबर नदीपार गेली होती. पराभवानंतर दोन मुलांना घेऊन ती शेतकऱ्यांच्या आश्रयानें लपत राहिली. कांहीं दिवस तर तिनें एका झाडाच्या ढोलींत काढले. मुलगा त्या वनवासांत दगावला. शेवटीं ती पकडली गेली, आणि नाँतच्या न्यायासनानें तिला देहान्ताची शिक्षा फर्मावली. तिच्यासाठीं उभा राहिला तो ओदोदीन नांवाचा त्याच शहरचा व्यापारी. हा प्रजासत्ताकाचा पक्का पक्षपाती. पूर्वीं तो व्हांदेकरांच्या कैदेंत होता, तेव्हां त्यांनीं त्याला परत येण्याच्या वचनावर नाँतला पाठविलें होतें, कैद्यांची अदलाबदल ठरविण्यासाठीं. बोलणें फिसकटलें. स्वकीय म्हणाले, आतां जाऊं नको; बंडखोरांना दिलेलें वचन तें काय? पण हा एकदां दिलेला शब्द पाळून परत कैदेंत गेला, आणि बाँशांच्या आज्ञेनें जे सुटले त्यांत तोही सुटला. त्यानें सुटलेल्या इतर कैद्यांच्या साक्षी गोळा केल्या, अर्ज केला, आणि बाँशांची विधवा मरणांतून वांचली. वचन पाळणारा एक व्यापारी त्या शहरांत नसता तर तिचा शेवट निराळा झाला असता.

त्या पांच हजारांत आंझे शहरचा दाव्हीद नांवाचा एक लांकडावर नक्षी कोरणारा कारागीर होता. त्याचा पांच वर्षांचा मुलगा पुढें मोठा शिल्पकार झाला. मतानें तो बापासारखाच प्रजासत्ताकवादी. सँ फ्लोराँच्या त्याच देवळांत बाँशांचें स्मारक करावयाचें ठरलें, तेव्हां तें काम त्यानें केलें, आणि १८२५ मध्यें तें तेथें बसविण्यांत आलें. पांढऱ्या संगमरवराचा बाँशां अंथरुणावरून अर्धा उठला आहे, आणि एक हात त्यानें वर उचलला आहे. बापाला ज्यानें सोडविलें तो हात मुलानें घडविला.

बोलतां बोलतां रात्र बरीच झाली. वहिनी वातींचें तबक घेऊन आंत गेल्या. पुतण्यानें निबंधांतील तें वाक्य खोडलें होतें, पण त्या जागीं काय लिहावें हें त्यास सुचत नव्हतें. "काका, बाँशां कसं लिहायचं?" एवढें विचारून तो पुन्हां कागदावर वांकला.